प्रायव्हेट नंबराविना सुटलेला शब्द

‘बोलून गेलो आणि पस्तावलो’ या विषयावर पत्रे पाठवावीत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा समोर आला, तो म्हणजे ‘सहज’. मी सहज म्हणालो, तिने सहज विचारले, त्यांनी सहज थट्टा केली, अशीच बहुतेक पत्रांची सुरुवात आहे, आणि पुढे कोठे अबोला, कोठे नोटीस, तर कोठे मोडलेली सोयरीक आहे. जागेअभावी पाचच पत्रे घेतली असून, पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडच्या चुकीच्या शब्दामुळे एकही गाडी अडचणीत आली नाही, याचा मला अभिमान आहे. गेल्या वर्षी नातीचे बारसे व्याह्यांच्या घरी झाले. नाव ठेवून झाल्यावर पंगत बसली असताना ‘असू दे, पुढच्या वेळी बघू’ असे वाक्य माझ्या तोंडून गेले. कोणी काही बोलले नाही, पण सूनबाई बाळाला घेऊन आत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. आज आठ महिने झाले, ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. मी सहज म्हणालो, मनात काही नव्हते, असे मी तिला दोनदा सांगितले. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता विषय वाढवू नका.’ मी काय करावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण ज्या खात्यात आयुष्य घालवले, तेथे तोंडी शब्दावर नुसता विश्वास ठेवायचा नाही, अशी पक्की शिस्त आहे. फाटकावरचा गेटमन असो की पुढच्या स्थानकावरचा स्टेशनमास्तर, गाडीच्या सुरक्षेचा संदेश फोनवर द्यायचा झाला की ‘हो, ठीक आहे’ एवढ्यावर भागत नाही. त्यासोबत प्रायव्हेट नंबर, म्हणजे आपल्याजवळच्या तक्त्यातला एक आकडा, द्यावा लागतो, तो दोन्हीकडे नोंदवला जातो आणि एकदा वापरलेला आकडा तक्त्यावर खोडला जातो. रेल्वेशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगायचे तर या आकड्याला स्वतःचा असा काहीही अर्थ नसतो. त्याचे काम एवढेच की, तो पाहायला, उच्चारायला आणि लिहायला जे चार-सहा सेकंद जातात, तेवढ्या वेळात बोलणाऱ्याला आपण काय बोलत आहोत हे स्वतःच्या कानांनी ऐकावे लागते, आणि ‘मी तसे म्हणालोच नव्हतो’ असे नंतर म्हणण्याची सोय उरत नाही. आपली जीभ छत्तीस वर्षे चुकली नाही, याचे थोडे श्रेय या व्यवस्थेलाही द्यावे लागेल. पंगतीत ती व्यवस्था नव्हती. माणसे आपली होती, वातावरण मोकळे होते, आणि जेथे आपल्याला धोका वाटत नाही तेथेच जिभेवरचा पहारा सुटतो. परक्याशी बोलताना चुकलेला शब्द फार तर एका ओळखीवर बेततो. घरात चुकलेला शब्द मात्र रोज त्याच स्वयंपाकघरात, त्याच ताटावर समोर येतो.

आता आपल्या ‘सहज’ या शब्दाकडे वळू. आपण तो बचाव म्हणून वापरता. सूनबाईंच्या कानांनी तो ऐकून पाहावा. विचार करून बोललेल्या वाक्यात माणूस पुष्कळ गोष्टी झाकतो, सावरतो, समोरच्याचे मन राखतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून विचार न करता निसटलेले वाक्य ऐकणाऱ्याला अधिक खरे वाटते. ‘मी सहज म्हणालो’ या शब्दांतून तिला ‘माझ्या मनात जे आहे तेच आले’ असे ऐकू जाते. आपण दोनदा स्पष्टीकरण दिले, म्हणजे दोनदा जखम उघडी केली, असे आम्हाला वाटते. येथे आम्ही थोडे कठोर होतो, याची क्षमा असावी.

आणि मनात खरोखरच काही नव्हते का? मुलगी झाली की आपल्याकडे ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असे हसून म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु मुलगा झाल्यावर अशी समजूत कोणी काढत नाही, यावरूनच ती म्हण कशावर उतारा म्हणून तयार झाली हे कळते. सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींना ‘नकुशी’ म्हणत, म्हणजे नको असलेली. असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे जाहीर समारंभ करून अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली, तोपर्यंत त्यांतल्या अनेकजणी शाळेच्या हजेरीत त्याच नावाला ‘हजर’ म्हणत होत्या. पाळण्याभोवती बोललेला शब्द किती वर्षे टिकतो, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. आपली नात अजून लहान आहे, ते वाक्य तिला समजलेले नाही. तिच्या आईला समजले आहे, आणि आजोबा मुलीकडे कोणत्या नजरेने पाहतात याचा हिशेब ती आठ महिने मनाशी मांडत असावी.

‘माझा हेतू तसा नव्हता’ हा बचाव सार्वजनिक जीवनातही टिकत नाही. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकारांशी हिंदीतून बोलताना, मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात, अशा आशयाचे विधान केले. सांगली जिल्ह्यातील अंजनीसारख्या लहान गावातून आलेल्या, ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावोगावी ‘आबा’ झालेल्या या माणसाला मृतांविषयी सहानुभूती नव्हती, असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे त्यांनी सांगितलेही. परंतु १६० हून अधिक माणसे गेली होती, घराघरांत दुःख ताजे होते, आणि त्या क्षणी ‘लहान’ या अर्थाचा कोणताही शब्द कोणीही ऐकून घेणार नव्हते. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले, म्हणजे लोकांनी आणि पक्षाने त्यांना दूर लोटले नाही. तरीही ते वाक्य त्यांच्या नावाला चिकटून राहिले. वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनापेक्षा ऐकणाऱ्याच्या प्रसंगावर अधिक ठरतो. बारशाची पंगत हा सूनबाईंचा प्रसंग होता.

आता करायचे काय? विषय वाढवू नका, हा मुलाचा सल्ला सोयीचा आहे, पण ती सोय मुलाची आहे. जे वाक्य चारचौघांत गेले, त्याची माफी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पुटपुटण्याने फिटत नाही. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला व्याही-विहीणबाई येतीलच. त्यांच्या आणि सूनबाईंच्या समोर, ते वाक्य जसेच्या तसे उच्चारून, ‘हे मी बोललो, ते चुकीचे होते, मला त्याची लाज वाटते’ एवढेच म्हणावे. त्यात ‘पण’ नको, ‘सहज’ नको, आणि ‘आता विसरून जा’ असा आदेशवजा आर्जवही नको. विसरायचे की नाही, हे त्या ठरवतील. मात्र तसे सर्वांसमोर बोलण्यापूर्वी सूनबाईंना एकदा विचारावे. काही माणसांना झालेला अपमान पुन्हा चव्हाट्यावर आलेला नको असतो. त्या नको म्हणाल्या तर व्याह्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. आपल्या पिढीचे अक्षर सुंदर असते, आणि लिहिलेल्या शब्दाला प्रायव्हेट नंबर आपोआपच मिळतो.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. बैठकीत साहेबांनी ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असे विचारले की माझ्या तोंडून ‘हो’ बाहेर पडते, आणि मग माझ्या सहकाऱ्यांना शनिवार-रविवार बसावे लागते. मी मूर्ख नाही, पण त्या क्षणी डोके चालतच नाही. असे का होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डोके चालत असते, फक्त ते फार आधीपासून चालत असते. नेदरलँड्समधील नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी जगातील दहा भाषांमधील संभाषणे तपासून २००९ मध्ये असे दाखवले की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी एका सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद एवढाच अवकाश असतो. भाषेनुसार थोडा फरक पडतो, जपानी माणसे सर्वांत चटकन उत्तर देतात आणि डॅनिश माणसे सर्वांत सावकाश. परंतु डॅनिशांचा सावकाशपणाही अर्ध्या सेकंदाच्या आतलाच आहे. दुसरीकडे, समोर दाखवलेल्या चित्राला नुसते नाव द्यायलाही मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. या दोन आकड्यांचा मेळ एकाच प्रकारे बसतो, तो म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपण उत्तर जुळवायला घेतलेले असते. ‘शुक्रवारपर्यंत’ हा शब्द कानावर येईपर्यंत तुमचा ‘हो’ बाहेर पडायच्या तयारीत असतो. त्यातच ‘होईल ना?’ या प्रश्नातील ‘ना’ होकाराची मागणी करूनच येतो, हा आपल्या भाषेचा गोड सापळा आहे.

घाईच्या होकाराची किंमत सर्वाधिक मोजावी लागली ती कॅनरी बेटांवरील तेनेरीफ येथे, २७ मार्च १९७७ रोजी. दाट धुके होते, एकच धावपट्टी होती आणि तिच्यावर दोन जंबो जेट विमाने होती. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकांनी ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा संदिग्ध शब्दांत कळवले. नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटले, आणि क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी कळवतो, असे सांगितले. नेमक्या त्याच वेळी धावपट्टीवर असलेल्या पॅन ॲमच्या विमानातूनही संदेश गेला, दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, आणि केएलएमच्या कक्षात ‘ओके’ एवढेच स्पष्ट पोहोचले. दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती, एकट्या ‘ओके’वर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल, परंतु त्यानंतर विमानवाहतुकीत ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, आणि नुसत्या होकारावर न थांबता मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, ही पद्धत पक्की झाली.

तुमच्या बैठकीत कोणाचा जीव जात नाही, पण परत म्हणून दाखवण्याची ही युक्ती तेथेही चालते. ‘म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, चाचणीसह, असेच ना सर?’ असे म्हटले की अर्ध्या सेकंदाचे पाच सेकंद होतात, आणि कित्येकदा साहेबांनाच चाचणीची आठवण नव्हती असे निघते. त्यानंतर कामाची नव्हे तर उत्तराची वेळ द्यावी : ‘टीमला विचारून चार वाजता सांगते.’ चार वाजता सांगावे मात्र नक्की.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दुरुस्ती निधीवरून वाद झाला. रागाच्या भरात मी खजिनदारांविषयी ‘यांनी पैसे खाल्ले’ असा आवाजी संदेश टाकला. दहा मिनिटांनी तो काढला, पण तोपर्यंत दोघांनी पुढे पाठवला होता. आता वकिलाची नोटीस आली आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नोटिशीला गटावर उत्तर देऊ नका, हे पहिले. वकिलाचा सल्ला घ्या, कारण हे पान त्याची जागा घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी लेखी शब्दांनी जशी होते तशी बोललेल्या शब्दांनीही होते, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितलेली आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि पाठवलेला संदेश दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंत सर्वांसाठी काढता येतो, परंतु जो पुढे गेला त्याच्यावर आपली सत्ता चालत नाही. पूर्वी रागाचा शब्द जिन्यातच विरून जात असे. आता तो आवाजासकट, श्वासासकट जपला जातो.

तुमच्या वाक्यातील खरा घोटाळा ‘खाल्ले’ या क्रियापदात आहे. ‘दुरुस्ती निधीचा हिशेब मला लागत नाही’ हे तुमच्याविषयीचे विधान आहे, ते कोणीही करू शकतो. ‘यांनी खाल्ले’ हा दुसऱ्यावर ठेवलेला गुन्ह्याचा आरोप आहे, आणि तो सिद्ध करण्याची वेळ आली की पुरावा तुम्हाला शोधावा लागतो. शंका खरी असेल तर लेखापरीक्षण अहवाल मागावा, सर्वसाधारण सभेत प्रश्न नोंदवावा, आणि तरीही समाधान झाले नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. आरोप निराधार होता असे शांत डोक्याने वाटत असेल, तर वकिलाला दाखवून, ज्या गटावर बोललात त्याच गटावर तो लेखी मागे घ्यावा.

प्रश्न : ‘तोंड सांभाळून बोल’, ‘आधी विचार कर, मग बोल’ हे आमच्या घरात फक्त मला ऐकवले जाते, माझ्या भावाला किंवा काकांना कधीच नाही. विचार करून बोलणे म्हणजे गप्प बसणे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. तुमची शंका रास्त आहे, आणि वर आलेली तिन्ही पत्रे मोठ्या माणसांची आहेत, हे आमच्याही ध्यानात आले. महाभारतातील प्रसंग आठवून पाहा. मुलांनी दारातून ‘आई, भिक्षा आणली’ म्हटले, आणि कुंती मागे वळून न पाहताच ‘सगळे वाटून घ्या’ असे बोलून गेली. अविचाराने बोलली ती सासू, आणि त्या शब्दाचा भार आयुष्यभर वाहिला तो द्रौपदीने. तरीही जिभेबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलणी खाल्ली ती द्रौपदीनेच! आपल्या घरांमध्ये विचार करण्याचा उपदेश नेहमी उतरत्या बाजूने वाहतो : सासूकडून सुनेकडे, साहेबाकडून कारकुनाकडे, काकांकडून पुतणीकडे. खरे तर ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचे अधिक बिघडते, त्याने अधिक थांबायला हवे, म्हणजे हा प्रवाह उलटा हवा.

तुम्हाला एकच सुचवतो. पुढच्या वेळी ते वाक्य ऐकवले गेले की शांतपणे विचारा, ‘माझ्या बोलण्यातील कोणता शब्द चुकला?’ शब्द दाखवता आला, तर तो जरूर मागे घ्या. दाखवता आला नाही, तर तुमचे म्हणणे तेच शब्द वापरून पुन्हा मांडा. आवाज चढवू नका, कारण मग चर्चा आवाजावर जाते आणि मुद्दा काकांच्या सोयीने बाजूला पडतो.

प्रश्न : अविचाराने बोललेल्या शब्दाने कधी कोणाचे भले झाले आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झाले आहे, आणि तेही फार मोठे. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमध्ये सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांची पत्रकार परिषद दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली जात होती. परदेशप्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्यांना काही वेळापूर्वीच हाती मिळाला होता, आणि त्यावरची चर्चा झाली तेव्हा ते हजर नव्हते. नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते, आणि प्रवासासाठी लोकांनी रीतसर अर्ज करावा, असा बेत होता. पत्रकारांनी विचारले, हे कधीपासून लागू? शाबोव्स्कींनी कागद चाळले, आणि आपल्या माहितीप्रमाणे लगेच, विनाविलंब, असे सांगून टाकले. ते ऐकून हजारो माणसे शहर दुभंगणाऱ्या बर्लिनच्या भिंतीकडे चालू लागली.

मात्र भले झाले ते एकट्या त्या शब्दामुळे नव्हे. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर त्या रात्री हाराल्ड येगर नावाचे अधिकारी कामावर होते. त्यांच्याकडे शस्त्रधारी शिपाई होते, समोर गर्दी वाढत होती, आणि ते वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत होते. स्पष्ट आदेश कोणीच देत नव्हते. शाबोव्स्कींना उत्तर द्यायला काही सेकंद लागले होते. येगर यांनी कित्येक तास घेतले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास, एकही गोळी न झाडता, फाटक उघडायला सांगितले.